बंदुकीच्या किमतीतला शिक्षणाचा वाटा

अमेरिकेत कुणी दुकानातून रायफल विकत घेतो तेव्हा तिच्या किमतीत एक कर आधीच मुरलेला असतो. पावतीवर तो वेगळा दिसत नाही, कारण तो गिऱ्हाइकाकडून नव्हे तर कारखानदाराकडून किंवा आयातदाराकडून, मालाच्या पहिल्याच विक्रीला वसूल झालेला असतो. रायफल, छऱ्याची बंदूक आणि काडतुसं यांवर ११ टक्के, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर १० टक्के, शिकारीच्या धनुष्यावर पुन्हा ११ टक्के. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो आणि त्यातला एक ठरावीक भाग दोन कामांसाठी असतो: नव्या शिकाऱ्यांना सुरक्षेचं शिक्षण देणं आणि लोकांसाठी खुली शूटिंग रेंज उभारणं. मराठी वाचकाला हे ऐकताना अवघडल्यासारखं होणं साहजिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे ‘शिकारी’ म्हटलं की एकतर जुन्या संस्थानिकांचे फोटो आठवतात, नाहीतर वनखात्यानं पकडलेला चोरटा. अशा माणसाला शिकवण्यासाठी सरकारनं पैसे का मोजावेत? माझं मत असं आहे की, जिथे शिकार कायदेशीर आहे आणि लाखो लोक ती करतात, तिथे हा खर्च योग्यच आहे, आणि तो हत्याराच्या किमतीतूनच निघावा हेही योग्य आहे. मात्र या खर्चाच्या दोन्ही भागांचा हक्क सारखा नाही. शिक्षणाचा हक्क पुराव्यानं सिद्ध झालेला आहे. रेंजचा हक्क काही अटींवर अवलंबून आहे.

ही व्यवस्था उभी राहिली ती १९३७ साली, आणि तिच्या मुळाशी बंदुकीचं प्रेम नव्हतं, भीती होती. आकाश झाकून टाकणारे थवे करून उडणारं प्रवासी कबुतर अमेरिकेतून संपलं होतं. त्या जातीतलं शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, रानटर्की, एल्क हे प्राणी अनेक राज्यांतून दिसेनासे झाले होते. राज्यं शिकार परवान्यांची फी गोळा करत, पण हा पैसा दुसऱ्याच कामांकडे वळवण्याचा मोह विधिमंडळांना आवरत नसे. बंदुकांवर आणि काडतुसांवर केंद्राचा कर तर आधीपासूनच होता. नेवाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांनी मांडलेल्या विधेयकानं त्या कराला कुलूप लावलं: हा पैसा फक्त वन्यजीवांसाठी. २ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. कायद्यातलं सगळ्यात दूरदृष्टीचं कलम मात्र कराविषयी नाही. ज्या राज्याला हा निधी हवा असेल, त्यानं आधी स्वतःचा कायदा करून लिहून द्यायचं की शिकार परवान्याची फी वन्यजीव खात्याच्या कामाखेरीज दुसरीकडे वळवली जाणार नाही. केंद्राच्या पैशाच्या मोहानं राज्यांना स्वतःच्या पैशाशीही प्रामाणिक राहावं लागलं. आपल्याकडे १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. त्यामागचा विचार याच जातीचा होता: कर घेतानाच तो कशासाठी हे जाहीर करायचं, म्हणजे देणाऱ्याला हिशेब मागता येतो.

मूळ कायद्यात सुरक्षेच्या शिक्षणाचा शब्दही नव्हता. तेव्हाचा पैसा अधिवासासाठी, संशोधनासाठी आणि प्राणी पुन्हा वसवण्यासाठी होता. त्याची वाटणी अर्धी राज्याच्या क्षेत्रफळावर आणि अर्धी परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर होते. कुठल्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही आणि अर्ध्या टक्क्याहून कमी नाही. शिक्षण या चौकटीत आलं १९७० मध्ये, पिस्तुलावरच्या करामुळे. पिस्तुलावरचा १० टक्के कर त्या वर्षी या निधीत आणला गेला. पण पिस्तूल हे मुख्यतः शिकारीचं हत्यार नव्हे, म्हणून त्यातला निम्मा भाग शिकारी-सुरक्षा शिक्षण आणि सार्वजनिक रेंज यांसाठी राखला गेला. १९७२ च्या दुरुस्तीनं धनुष्याच्या सामानावरचा करही आला आणि त्याचाही निम्मा भाग याच कामाला लागला. हा भाग वाटताना क्षेत्रफळ बघत नाहीत, लोकसंख्या बघतात: राज्याला किमान १ टक्का, कमाल ३ टक्के. या फरकात मला कायद्याचं शहाणपण दिसतं. हरणाला जमीन लागते, म्हणून विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या राज्यांना जास्त. शिक्षण माणसांना द्यायचं असतं, म्हणून जिथे माणसं जास्त तिथे जास्त. २००० सालच्या सुधारणेनं यात खास शिक्षणासाठी आणखी एक वार्षिक रक्कम घातली. ती २००३ पासून ८० लाख डॉलर आहे. सगळा निधी मिळून अलीकडच्या काही वर्षांत वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर गेला आहे.

आता हे शिक्षण म्हणजे नेमकं काय, ते पाहू. परवाना मागणाऱ्यानं एक अभ्यासक्रम पुरा करायचा, लेखी परीक्षा द्यायची आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष हाताळणीची चाचणीही द्यायची. सगळ्याचा पाया चार नियमांवर आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य ओळखा, आणि त्याच्या मागे काय आहे तेही ओळखा. वाचताना हे नियम बाळबोध वाटतात, पण शिकारीतले गोळी लागण्याचे अपघात बघितले की कळतं, ते जवळजवळ सगळे यांच्यातला एखादा नियम मोडल्यानेच होतात. झुडपात हलणारं काहीतरी दिसलं आणि ते हरीणच असणार असं मनानं आधीच ठरवलं. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी केली नाही. शेजारून चालणाऱ्या सोबत्याच्या दिशेनं उडत्या पक्ष्यामागे नळी फिरवली. म्हणूनच गोळी लागते ती बहुधा अनोळखी वाटसरूला नव्हे, त्याच गटातल्या कुणाला किंवा झाडणाऱ्याला स्वतःलाच. अभ्यासक्रमात तिघं-चौघं एका ओळीत चालत असतील तर प्रत्येकानं कोणत्या कोनातच गोळी झाडायची ते शिकवतात. झाडावरच्या मचाणावर चढताना अंगाला पट्टा कसा बांधायचा तेही शिकवतात, कारण मचाणावरून पडून माणसं मोडतात आणि मरतातही. शिवाय प्राण्याची ओळख, कायदे, आणि दुसऱ्याच्या जमिनीत पाय ठेवण्याआधी मालकाची परवानगी घेणं हेही त्यात असतं. नेमबाजीत माणूस तरबेज व्हावा हा याचा हेतू नाहीच. कधी गोळी झाडायची नाही, हे शिकवण्यात यातला मोठा भाग खर्ची पडतो.

याचा उपयोग होतो का? हा प्रश्न भावनेनं सोडवता येत नाही, आकड्यांकडेच जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यानं १९४९ मध्ये असं शिक्षण सक्तीचं करायला सुरुवात केली, देशात सगळ्यांत आधी. तिथल्या राज्य खात्याच्या नोंदींनुसार १९६० च्या दशकात दर लाख शिकाऱ्यांमागे गोळी लागण्याचे सुमारे १९ प्रसंग वर्षाला घडत. अलीकडे पाच वर्षांची सरासरी ३ च्या आसपास आली आहे. विस्कॉन्सिनमध्ये १९६६ साली हे प्रमाण लाखामागे ४४ होतं. पुढच्याच वर्षी तिथे शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये तो सक्तीचा झाला, आणि आता हे प्रमाण ४ ते ५ च्या घरात आहे. शिकारी कमी झाले म्हणून अपघात कमी झाले, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण हे दर लाखामागचे आकडे आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: श्रेय शिक्षणाचं नसून भडक नारिंगी जाकिटाचं आहे. हरणाला तो रंग भडक दिसत नाही, माणसाला मात्र दाट रानातही तो लांबून दिसतो. विस्कॉन्सिननं १९८० मध्ये हे जाकीट सक्तीचं केलं, त्यामुळे तिथल्या घसरणीतलं किती शिक्षणामुळे आणि किती रंगामुळे हे वेगळं काढणं कठीण आहे. इथे न्यूयॉर्कचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे बंदुकीनं हरणाची शिकार करणाऱ्या सगळ्यांना नारिंगी किंवा गुलाबी रंग सक्तीचा झाला तो थेट २०२१ मध्ये. त्याआधीची मोठी घसरण सक्तीशिवाय झाली. पुष्कळ शिकारी ते जाकीट आपणहून घालत होते हे खरं, पण ते घालायला त्यांना सांगितलं कुणी? बहुतेकांना वर्गातल्या शिक्षकानेच.

मग १९४९ मध्ये सक्ती आली तरी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचा आकडा एवढा मोठा कसा, असाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. याचं उत्तर या कायद्यांच्या रचनेत आहे. ते सगळ्यांना एकदम वर्गात बसवत नाहीत. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिक्षण सक्तीचं, विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ पासून जन्मलेल्यांना, कोलोरॅडोत १९४९ पासून जन्मलेल्यांना. जुने शिकारी सुटतात, नवे अडकतात. त्यामुळे असा कायदा एखाद्या वर्षात फळ देत नाही, पिढी बदलत जाते तसं फळ येतं. ज्या कामाचं फळ वीस-तीस वर्षांनी मिळणार, त्याला दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या रस्सीखेचीवर सोडणं धोक्याचं असतं. कुलूप लावलेल्या कराची खरी किंमत इथे कळते. १९७० पासून हे वर्ग आलेल्या-गेलेल्या सरकारांच्या मर्जीवर तितकेसे अवलंबून राहिले नाहीत.

खर्चाच्या बाजूनं बघितलं तर यात आणखी एक गोष्ट कौतुकाची आहे. केंद्र खर्चाचे ७५ टक्के देतं, उरलेले २५ राज्यानं घालायचे. पण हा राज्याचा वाटा रोखच असावा लागतो असं नाही. वर्ग घेणारे शिक्षक बहुतांश स्वयंसेवक असतात: निवृत्त शिक्षक, शेतकरी, पोलीस, गावातले जुने शिकारी. त्यांनी दिलेल्या तासांची किंमत ठरवून ती राज्याचा हिस्सा म्हणून धरता येते. म्हणजे एखाद्या माणसानं शनिवारची दुपार मुलांना बंदूक रिकामी कशी करायची हे शिकवण्यात घालवली, तर त्या दुपारमुळे केंद्राचा तिप्पट पैसा राज्यात येतो. लोकांचं श्रमदान आणि सरकारचा पैसा यांची इतकी सरळ सांगड मी फार थोड्या योजनांत पाहिली आहे.

रेंजची गोष्ट मात्र निराळी आहे. शिकवलेलं हाताला बसायला सराव लागतो आणि सरावाला सुरक्षित जागा लागते, इथपर्यंत कुणाचं दुमत होऊ नये. खाजगी क्लबचं सदस्यत्व प्रत्येकाला परवडत नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी मोकळ्या जमिनीवर कुठेही टेकडीकडे तोंड करून गोळ्या झाडण्याची जुनी सवय आहे आणि तिचे परिणाम गंभीर होतात. २०१२ च्या जूनमध्ये युटा राज्यात साराटोगा स्प्रिंग्जजवळ नेमबाजी करणाऱ्यांमुळे वाळलेल्या गवताला आग लागली आणि हजारो लोकांना घरं सोडून जावं लागलं. मागे मातीचा भक्कम बांध, देखरेखीला माणूस आणि दोन्ही बाजूंना हद्द असलेली जागा असती तर अशी आग लागली नसती. फिनिक्स शहराच्या उत्तरेला अ‍ॅरिझोनाचं राज्य खातं बेन अ‍ॅव्हरी नावाचं मोठं नेमबाजी केंद्र चालवतं. शहर वाढत जाताना लोकांना अशी जागा मिळाली तर ते वाळवंटात वाटेल तिथे जात नाहीत, हे तिथे दिसतं. तरीही रेंज उभारणं राज्यांना वर्षानुवर्षं जड गेलं. जमीन मिळवायची, शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं, पर्यावरणाची तपासणी करायची, यात वर्षं जात, आणि निधी दोन वर्षांत कामी लावला नाही तर हातचा जाई. मे २०१९ मध्ये झालेल्या कायद्यानं ही अडचण सोडवली. रेंजसाठी जमीन घेणं आणि बांधकाम यांत केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत नेता येतो, पैसा पाच वर्षं वापरता येतो, आणि राज्याला मिळणाऱ्या मूळ वन्यजीव निधीतलाही १० टक्क्यांपर्यंतचा भाग रेंजकडे वळवता येतो.

मला खटकतं ते हे शेवटचं. हरणांच्या आणि पक्ष्यांच्या अधिवासासाठी ठेवलेल्या पैशातून रेंज बांधण्याची मुभा देणं म्हणजे १९३७ च्या कुलपाची एक किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं आहे. अधिवास एकदा गेला की तो परत येत नाही, रेंज मात्र पुढच्या वर्षीही बांधता येते. शिवाय रेंजवर दर दिवशी शिसं जमिनीत जातं. उघड्या रेंजवरचं हे शिसं मातीत आणि वाहत्या पाण्यात उतरू शकतं, पक्षी छरे खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. याच कारणानं १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरायला देशभर बंदी आहे. म्हणजे ज्या निधीनं बदकांच्या पाणथळी राखल्या, त्याच निधीनं बांधलेल्या जागी शिसं साचू द्यायचं, हे परस्परविरोधी होईल. यावर उपाय आहेत आणि ते माहीतही आहेत: मातीला चुना देऊन तिची आम्लता कमी राखायची, बांधातलं शिसं ठरलेल्या काळानं काढून पुनर्वापराला द्यायचं, ओढ्याकडे तोंड करून रेंज बांधायचीच नाही. उपाय ठाऊक असताना ते निधीची अट म्हणून बांधून न घेणं ही धोरणातली उणीव आहे.

आता या साऱ्या व्यवस्थेच्या मुळावर येणारे आक्षेप. पहिला आक्षेप बंदूकधारकांच्या बाजूनं येतो. आज बंदूक विकत घेणारे सगळे शिकारी नाहीत. केंद्राच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये शिकार करणारे सुमारे १ कोटी १५ लाख होते, बंदुका बाळगणारे त्याहून कितीतरी जास्त. घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घेणाऱ्यानं हरणाच्या रानासाठी कर का भरावा? जॉर्जियाचे प्रतिनिधी अँड्र्यू क्लाइड यांनी २०२२ मध्ये हा करच रद्द करण्याचं विधेयक आणलं. संविधानानं दिलेल्या हक्कावर कर नको, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कर हत्याराच्या विक्रीवर आहे, हक्कावर नाही. पण या आक्षेपातला एक कण खरा आहे: देणारा आणि ज्यासाठी दिलं जातं ते, यांच्यातलं अंतर वाढलं आहे. ते अंतर कमी करण्याचा मार्ग कर रद्द करणं हा नव्हे. पिस्तूलधारकाला उपयोगी पडेल अशा गोष्टीवर त्याच्या कराचा भाग जास्त खर्च करणं, हा तो मार्ग आहे. देखरेखीखालची रेंज आणि हाताळणीचं शिक्षण या नेमक्या तशाच गोष्टी आहेत. १९७० साली निम्मा भाग राखताना अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, हे ओळखलं होतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. ज्या देशात हे घडतं, तिथे सरकारनं नेमबाजीला आधार द्यायचा? आणि वन्यजीव खात्यांचं पोट बंदुकांच्या विक्रीवर भरत असेल, तर ती खाती विक्री घटावी असं कधी म्हणतील का? दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. पहिल्याचं प्रामाणिक उत्तर हे की शिकारी-सुरक्षेचा वर्ग आत्महत्या किंवा खून थांबवणार नाही, आणि त्यानं तो दावाही करू नये. त्या मृत्यूंसाठी वेगळे कायदे आणि वेगळी काळजी लागते. मात्र बहुतेक राज्यांत बंदूक विकत घ्यायला कसलंही शिक्षण लागत नाही, शिकारीचा परवाना घ्यायला लागतं. त्या देशातल्या असंख्य माणसांना हत्यार हाताळण्याचं जे काही शिस्तशीर शिक्षण आयुष्यात एकदा मिळतं ते याच वर्गात. तो वर्ग काढून घेतला तर बंदुका कमी होणार नाहीत, फक्त अडाणी हातांत असलेल्या बंदुका वाढतील. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे इतकं पक्कं उत्तर नाही. विक्रीशी बांधलेला निधी हा धोका घेऊन येतोच. विक्री वाढली की खात्यांकडे पैसा येतो, मंदावली की योजना अडतात. निसर्ग राखण्याचा सगळा भार एकाच वस्तूच्या खपावर ठेवणं योग्य नाही, आणि त्यासाठी राज्यांनी सर्वसाधारण करांतूनही हात मोकळा केला पाहिजे. शिक्षणाच्या छोट्या भागाला हा दोष फारसा लागत नाही, कारण विक्री वाढली तर शिकवायची माणसंही वाढलेली असतात.

शाळांचा प्रसंग इथे सांगायलाच हवा. जून २०२२ मध्ये, शाळांतल्या गोळीबारांनंतर, अमेरिकेनं एक कायदा केला. त्यात शालेय शिक्षणाचा केंद्रीय निधी धोकादायक हत्यारं पुरवण्यासाठी किंवा त्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये असं कलम होतं. शिक्षण खात्यानं त्याचा अर्थ असा लावला की शाळेतली धनुर्विद्या आणि शिकारी-सुरक्षेचे वर्गही त्यात आले. अनेक राज्यांत गाजावाजा झाला. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन हे वर्ग पुन्हा मोकळे झाले. प्रतिनिधीगृहात मतदान झालं ४२४ विरुद्ध १. बंदुकीच्या प्रश्नावर ज्या सभागृहात एका वाक्यावरही एकमत होत नाही, तिथे हे झालं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही त्याच शाळांत जातात. एखाद्या दिवशी आपला मुलगा धनुष्य हाती घेऊन घरी आला तर त्याला कुणी काय शिकवलं, हे त्या आईवडिलांनी विचारलं पाहिजे. त्या शिकवण्यात चार नियम होते का, हेही विचारलं पाहिजे.

काँग्रेसनं २०१९ चा कायदा पुढे कधी हाती घेतला तर दोन गोष्टी त्यात स्पष्ट शब्दांत याव्यात. ज्या रेंजला सार्वजनिक पैसा मिळतो तिथे ठरलेल्या वेळी प्रशिक्षित देखरेख असली पाहिजे आणि नव्या माणसाला फी न घेता हाताळणीचे धडे मिळाले पाहिजेत. आणि शिसं काढण्याचा आराखडा रेंजच्या बांधकामाआधी मंजूर व्हायला हवा. अधिवासाच्या निधीतले १० टक्के रेंजकडे नेण्याची मुभा मात्र काढून घ्यावी. पिस्तुलावरच्या करातला राखीव निम्मा भाग या दोन्ही कामांना पुरेसा आहे.